केडगावची प्रार्थना आणि उसाचा फड

ध्यान म्हटले की आपल्यापुढे मिटलेले डोळे येतात आणि न्याय म्हटला की उगारलेली मूठ. एकाला एकांत लागतो, दुसऱ्याला गर्दी. या दोहोंचे एकमेकांशी नाते काय, हा प्रश्न मला तत्त्वज्ञानाच्या तासाला पडला नाही. तो पडला पंडिता रमाबाईंचे १९०७ सालचे छोटेसे आत्मनिवेदन वाचताना, आणि तोही ऐन उसाच्या हंगामात, जेव्हा आमच्या पडीक रानात ऊसतोड टोळीच्या कोप्या पडलेल्या होत्या.

मी वारकऱ्याच्या घरची. अकलूजच्या माणसाला वारी समजावून सांगावी लागत नाही. आषाढात सराटीला तुकोबांच्या पादुकांना नीरेचे स्नान घडते, पालखी आपल्या जिल्ह्यात पाऊल टाकते, अकलूजला गोल रिंगण होते आणि त्या दिवशी आमच्या घरची चूल म्हणून विझत नाही. आजी माळकरी. दिवेलागणीला ओसरीवर तिचा हरिपाठ चुकत नाही. मग ख्रिस्ती साधकांशी तुझे काय काम, असे कोणी विचारील. रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणत, की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे गेलो. पुलावरून माणसे दोन्ही दिशांनी ये-जा करतात. पलीकडून काही चांगले आले तर तुकोबा रागावणार नाहीत, एवढा माझा त्यांच्यावर भरवसा आहे.

रमाबाईंची हकिगत बहुतेकांना ठाऊक असते ती इतकीच: संस्कृत पंडिता, विधवा, धर्मांतर, शारदा सदन. त्यांच्या आयुष्यातला फुलहॅमचा प्रसंग मात्र पाठ्यपुस्तकांतून सहसा येत नाही. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील जोगिणींच्या मठात राहिल्या. या जोगिणींचा दिवस प्रार्थनेच्या ठरलेल्या वेळांनी बांधलेला. मठाची एक शाखा लंडनजवळ फुलहॅमला होती. तिथे रमाबाईंना काही दिवसांसाठी पाठवले आणि तेथील काम दाखवले. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांना या जोगिणी आश्रय देत. त्यांतल्या कित्येक जणी इतक्या पालटलेल्या, की आता त्याच आजाऱ्यांची आणि दुबळ्यांची सेवा करीत होत्या. अशा स्त्रियांसाठीही काही करता येते, करायला हवे, हे आपल्याला आयुष्यात प्रथमच कळले, असे रमाबाईंनी लिहून ठेवले आहे. त्यांनी जोगिणींना कारण विचारले, तेव्हा त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट सांगण्यात आली. येशू तिच्याजवळ पिण्यासाठी पाणी मागतो. ती परजातीची, गावाने नावे ठेवलेली. तिच्या हातचे पाणी त्याला चालते.

आपल्या मुलखात ही गोष्ट कोणाला उलगडून सांगावी लागू नये. कोणत्या पाणवठ्यावर कोणी जायचे, हा प्रश्न आपल्या गावांनी शतकानुशतके जपून ठेवलेला आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला हीच विहीर पुन्हा भेटली. १८९५ साली नवऱ्याने धर्म बदलल्यावर त्या काही वर्षे त्याच्यापासून दूर राहिल्या, त्यांत आपल्या पंढरपुरातही राहिल्या. सोवळे कडक. पुढे एका दिवशी स्वतःशीच विचार करता करता त्यांच्या मनातून जात गळून पडली आणि यापुढे कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे असे त्यांनी ठरवले. बाप्तिस्मा नंतरचा, हे आधीचे. कोणी उपदेश केला नव्हता. एकटी बाई विचार करीत बसली होती, एवढेच. यालाही मी ध्यानच म्हणते. पुढे त्यांच्या घरात दुष्काळातली पोरकी मुले वाढली, त्याची मुळे त्या एका दिवसात असावीत.

रमाबाईंकडे परत येते. त्यांचा बाप्तिस्मा १८८३चा. पण त्या स्वतः म्हणतात की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही; तो आणखी आठ वर्षांनी मिळाला. या आठ वर्षांत त्या स्वस्थ बसल्या नव्हत्या. अमेरिकेत फिरून त्यांनी पैसा उभा केला, १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, दुसऱ्या वर्षी ते पुण्यास नेले. काम ऐन भरात असताना आतली तहान शिल्लक होती, आणि ती आहे हे कबूल करण्याचा प्रामाणिकपणा त्यांच्यात होता. समाजकार्य करणाऱ्या माणसांत तो मला क्वचित दिसतो.

पुण्यात त्या पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि दार लावून घेत नसत. मुली येऊन बसू लागल्या. यावरून १८९३ साली मोठा गदारोळ झाला. रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांचे म्हणणे अगदीच गैर होते असे मला वाटत नाही. सदनात धर्म शिकवला जाणार नाही, अशा भरवशावर त्यांनी लेकी पाठवल्या होत्या. पण ते उघडे दार मनातून जात नाही. माझ्या प्रार्थनेत कोणी डोकावू नये म्हणून मी दार लावणार नाही, आणि कोणाला हाताला धरून आतही ओढणार नाही, असे काहीसे त्यांना म्हणायचे असावे.

१८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन आल्या. फळबागेसाठी म्हणून केडगावला घेतलेले माळरान या मुलींचे घर झाले. तेच मुक्ती सदन. रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळातच गेलेले. तेव्हा ही करुणा पुस्तकातून आलेली नव्हती, ती पोटातल्या भुकेच्या आठवणीतून आली होती. पुण्यात प्लेगच्या वेळी, १८९७ साली, सरकारी प्लेग इस्पितळातल्या स्त्रियांच्या हालांबद्दल त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिले आणि मुंबईच्या गव्हर्नरचा राग ओढवून घेतला. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे आहेत, हा विचार त्यांना आड आला नाही.

१९०५च्या आरंभी केडगावात सत्तर मुली रोज प्रार्थनेला जमू लागल्या. जूनपर्यंत ही संख्या पाचशेवर गेली आणि मग जे झाले ते शांत ध्यान नव्हते. रडणे, मोठमोठ्याने टाहो, रात्र रात्र प्रार्थना. खरे सांगायचे तर हे वर्णन वाचताना मी थोडी बिचकते. पण त्याच आवारात तेव्हा शेती चालू होती, माग चालू होते, छापखाना चालू होता आणि तो बायकाच चालवीत होत्या. फुलहॅमला पाहिले तसे, टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन झाले. अंधांसाठी बार्तिमी सदन झाले. रमाबाईंची कन्या मनोरमा परदेशातून ब्रेल शिकून आली होती. आणि आतल्या एका खोलीत रमाबाई हिब्रू व ग्रीक शिकून अशिक्षित बायकांना समजेल अशा मराठीत बायबल उतरवीत होत्या. हे काम त्यांना मरेपर्यंत, म्हणजे १९२२पर्यंत, पुरले. संपूर्ण बायबल १९२४ साली केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडले. रोज सकाळी उठून एकेका शब्दापाशी थांबायचे, आणि हा शब्द दुष्काळातून आलेल्या पोरीला कळेल का, असे स्वतःला विचारायचे. मौन आणि न्याय यांची गाठ कुठे पडते, असे मला विचाराल तर मी या खोलीकडे बोट दाखवीन.

दिवाळीच्या सुट्टीत मी केडगावला जाऊन आले. अकलूजहून पुण्याची एस.टी. इंदापूर, भिगवण, पाटस करीत चौफुल्याला सोडते, तिथून केडगाव जवळ. मुक्ती मिशन आजही चालू आहे. मी तिथे फार वेळ नव्हते आणि कोणाची मुलाखत वगैरे घेतली नाही. रमाबाईंच्या कबरीपाशी उभी राहिले, झाडांखाली थोडी बसले, एवढेच. परतताना इंदापूरच्या पुढे उसाने भरलेल्या बैलगाड्या लागल्या. हंगाम सुरू झाला होता.

महाराष्ट्रातले आणखी एक उदाहरण थोडक्यात सांगते. जॅक विन्स्लो यांनी १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला; पुढे पुण्यात शिवाजीनगरला त्याचा आश्रम झाला. १९२७ साली तेथे आलेला व्हेरियर एल्विन हा तरुण युरोपातल्या ख्रिस्ती गूढवाद्यांचा अभ्यासक होता, ख्रिस्ती ध्यानावर त्याने पुस्तकही लिहिले. हा ध्यानाचा अभ्यासक १९३२ साली शामराव हिवाळे या मराठी ख्रिस्ती सोबत्याबरोबर मंडला जिल्ह्यातल्या गोंडांत राहायला गेला. दवाखाना, शाळा सुरू केल्या. पुढे एल्विन चर्चमधूनच बाहेर पडला. नाव मात्र त्याचेच राहिले. शामरावांचे नाव आपल्या महाविद्यालयात किती जणांनी ऐकले असेल?

आता कोप्यांकडे वळते. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल नवऱ्याच्या हाती पडते, फेडायची दोघांनी. बायका पहाटे तीन-चारला उठतात, थंडीत ऊस तोडतात, मोळ्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहतात, वाढे विकतात आणि अंधार पडल्यावर भाकरी थापायला बसतात. आजारपणाने दिवस बुडाला की खाडा. त्या दिवसाचे पैसे तर जातातच, वर दंड बसतो. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीचे आकडे आले. त्यांत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली होती. ही बातमी आपण वाचली, हळहळलो आणि चहात साखर घातली.

आमच्या रानातल्या टोळीत माझ्याच वयाची एक बाई होती. दोन लेकरे. संध्याकाळी आमच्या बोअरवर पाणी न्यायला यायची, नेमकी हरिपाठाच्या वेळी. अभंग चालू असेल तर घागर खाली ठेवून उभी राहायची. दोन दिवस आजीने पाहिले. तिसऱ्या दिवशी टाळ बाजूला ठेवून म्हणाली, “अगं पोरी, हरिपाठ कुठं पळून चाललाय? तू पानी घे आदी. लेकरं वाट बघत असतील.”

मी अभ्यासाला ओसरीवरच बसत असे. एकदा ती माझ्या वहीकडे बघत म्हणाली, “ताई, तेवढं माझं बी लिहून ठिवता का? खाडे किती झाले ते मुकादम सांगल तेच खरं, आमच्याकडं काय बी नसतं.” त्या दिवसापासून मी तारीख घालून लिहू लागले. आज फडात होती की नाही, किती खेपा भरल्या, पावतीवर वजन किती. दीड महिना हे चालले. आजीचा हरिपाठ आणि माझा जमाखर्च, एकाच ओसरीवर.

अण्णांना हे फारसे रुचले नव्हते आणि त्यांची अडचण खोटी नव्हती. मुकादम दुखावला तर टोळी दुसऱ्याच्या फडात जाते. आपला ऊस उभा राहतो, तुरा धरतो, वजन घटते. तोड यावी म्हणून शेतकऱ्याला किती जणांच्या विनवण्या कराव्या लागतात, हे आमच्या भागातल्या प्रत्येक घराला माहीत आहे. माझी फी त्याच उसातून जाते. “तुझं खरं आहे गं,” ते म्हणाले, “पन आदी ऊस जाऊ दे.” मी लिहिणे थांबवले नाही, आणि त्यांनीही नंतर थांबव म्हटले नाही.

आजीने मात्र माझ्या वहीत नसलेली गोष्ट विचारली. धाकट्या लेकीचे नाव काय? माझ्या वहीत खाडा, खेप, वजन असे तीनच रकाने होते. लढणाऱ्याला आकडे लागतात हे खरे. पण ती बाई म्हणजे ते तीन रकाने नव्हेत, हे आजीला हरिपाठातून कळत असावे. केडगावच्या मुलींना प्रार्थनेतून तेच कळले असेल काय?

फाल्गुनात पट्टा पडण्याच्या आधी हिशेब झाला. मुकादम आमच्याच ओसरीवर चहा घेत बसला होता. त्याच्या वहीत तिचे पाच खाडे, माझ्या वहीत दोन; लेकराला ताप होता ते दोन. आमचा ऊस तोवर गेलेला होता. अण्णांनी चष्मा लावला, दोन्ही वह्या शेजारी शेजारी धरल्या आणि तारखा मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मुकादम बराच वेळ बोलला, मग तीन खाडे खोडले. उचलीतली बाकी राहिलीच. पुढल्या हंगामात तिला त्याच मुकादमाकडे यावे लागेल.

टोळी निघाली त्या सकाळी ती वही मागायला आली. तिला वाचता येत नाही. थोरल्याचे नाव गावाकडच्या शाळेत दुसरीत आहे; त्याला आकडे येतात, म्हणाली.