निसटतं पांढरं

सुतारकामाचा कारखाना चालतो तो चिकटपणाच्या भरवशावर. पूर्वी सरस उकळायचे, १९५९ नंतर फेव्हिकॉलचा डबा आला. मागणी मात्र तीच राहिली. सांधा असा बसला पाहिजे, की मोडायची वेळ आलीच तर शेजारचं लाकूड फाटावं, सांधा सुटू नये. अशा जागी एखादी वस्तू निव्वळ घसरावं म्हणून विकत आणणं जुन्या मिस्त्रींना जरा चैनीचंच वाटतं.

पण घसरण्यावाचून अडतं खरं. करवतीच्या टेबलावर फळी नेमकी काटकोनात कापायची, तर नुसती हाताने ढकलून भागत नाही. तिच्यासाठी सरकता पाट करावा लागतो. पाटाच्या पोटाला पट्टी, आणि ती टेबलाच्या खाचेतून पुढे-मागे. पट्टी सागवानाची केली, तर फाल्गुनात सुरेख चालते आणि आषाढात हवेतलं पाणी पिऊन खाचेत रुतून बसते. मग मेणबत्ती घासा, साबणाची वडी फिरवा, संगजिऱ्याची पूड टाका. जुन्या कपाटांचे खण याच उपायांवर उघडत आले आहेत. खणाला ते चालतं. करवतीपाशी भुसा उडतो, मेणात मिसळतो आणि दुपारपर्यंत खाचेत राखाडी चिखल साचतो.

म्हणून मग प्लास्टिक. पुण्यात बोहरी आळीपासून भोसरीपर्यंत विचारत गेलं, की एखाद्या दुकानात भिंतीला टेकून उभ्या केलेल्या शीट दिसतात. सगळ्या पांढऱ्या, सगळ्या मुक्या. त्यात नायलॉन असतं, डेलरिन असतं, टेफ्लॉन असतं, आणि आपल्याला हवं ते यूएचएमडब्ल्यू, म्हणजे अतिदीर्घ रेणूंचं पॉलिथिलीनही असतं. भाव बहुधा किलोवर, आणि हुशार गिऱ्हाईक आधी कटपीसच्या ढिगात हात घालतं. ओळखायला एक बादली पाणी पुरतं. पॉलिथिलीन तरंगतं, नायलॉन, डेलरिन बुडतात, टेफ्लॉन तर पाण्याच्या दुपटीहून जड. किलोचा भाव विचारताना हे ध्यानात ठेवलेलं बरं, कारण टेफ्लॉनचा एवढासा तुकडाही तराजू खाली नेतो. घसरण्यात टेफ्लॉनचा हात धरणारं कुणी नाही, पण ते मऊ. दाबाखाली बसतं, झिजतं. कारखान्यात मी ते घेणार नाही. त्यापेक्षा स्वयंपाकघरातला भाजी चिरायचा जाड पांढरा पाट कापून पट्ट्या काढीन. तोही बहुधा पॉलिथिलीनचाच, फक्त आखूड रेणूंचा.

टेफ्लॉनच्या झिजण्याची किंमत माणसांनी हाडांत मोजली आहे. इंग्लंडमधल्या राइटिंग्टनच्या रुग्णालयात जॉन चार्नली हे शल्यविशारद १९५८ पासून खुब्याच्या कृत्रिम सांध्याला टेफ्लॉनची वाटी बसवत होते. काही वर्षांतच वाट्या झिजल्या आणि त्यांच्या चुऱ्याने भोवतालचं मांस बिघडलं. चार्नलींनी तो चुरा स्वतःच्या मांडीत टोचून घेऊन परिणाम पाहिला. मग एक विक्रेता लँकेशायरच्या मागांवरच्या दातेरी चाकांसाठी आणलेलं एक जर्मन प्लास्टिक घेऊन आला. चार्नलींना त्यात रस वाटला नाही. त्यांच्या कार्यशाळेतल्या हॅरी क्रेव्हनने ते तरीही घासणीच्या यंत्रावर चढवलं, आणि ते झिजेना. नोव्हेंबर १९६२ पासून त्या वाट्या माणसांच्या खुब्यात बसू लागल्या. तेच हे यूएचएमडब्ल्यू. आमच्याकडे भिवंडी-इचलकरंजीच्या मागांवर धोट्याला फटका मारणारा पिकर पूर्वी म्हशीच्या कातड्याचा असे. त्याच्याही जागी पुढे हेच प्लास्टिक आलं. मला यात क्रेव्हन जास्त आवडतो. सल्ला नको, यंत्रावर लावून बघू, हा खास कारखान्यातला स्वभाव.

या प्लास्टिकचे रेणू तीस ते साठ लाख रेणुभाराचे, शेवयांसारखे एकमेकांत गुंतलेले. म्हणून झिजत नाही. आणि रेणूत कार्बन-हायड्रोजनखेरीज काहीच नाही, त्यामुळे गोंदाला पकडायला जागा नाही. पाण्याचा थेंब वर टाका, पसरत नाही, गोल होऊन उभा राहतो. फेव्हिकॉल वाळला की अख्खा पापुद्रा निघून येतो. एपॉक्सीचंही तेच. पॉलिशपेपरने खरवडलं तर नुसती लव उठते. कारखानदार पृष्ठभागावर ज्योत फिरवून किंवा विजेच्या झोताने त्याला गोंदाजोगा करतात, पाठीला गोंद लावलेल्या गुंडाळ्याही विकतात. लाकूड टेकवायच्या आडव्या फळीच्या तोंडाला लावायला त्या ठीक. पट्टीला मात्र स्क्रूच.

आणि रंधा मारा, करवत चालवा, सुताराच्या हत्यारांना ते निमूट शरण येतं. फक्त निघणारे लांबच लांब पांढरे तंतू अंगावरच्या सदऱ्याला, केसांना, भुवयांना विजेच्या भाराने चिकटून बसतात. गोंदाला दाद न देणाऱ्याचा चुरा झटकता झटकत नाही.

स्क्रूचं डोकं पृष्ठभागाच्या जरा खाली बुडायला हवं, नाहीतर पहिल्याच फेरीत टेबलावर ओरखडा. त्याहून महत्त्वाचं भोकाचं. हे प्लास्टिक उष्णतेने लोखंडाच्या दहापटीहून अधिक वाढतं. मीटरभर पट्टी, पौषातली सकाळ आणि वैशाखातली दुपार यांत २० अंशांचा फरक धरला, तर लांबीत ३ ते ४ मिलिमीटरचा फरक. सगळी भोकं घट्ट ठेवली तर पट्टी मधे उचलते. म्हणून एकच भोक गोल, बाकीची लांबट. आणि स्क्रू टेकला की थांबायचं.

फार आवळला, तर डोक्याभोवती पट्टी दोन्ही बाजूंना किंचित फुगते. हा दोष, पण कामाचा. पट्टी खाचेत जराशी डुलत असेल, तर तिथला स्क्रू पाव वळसा आवळायचा. केसभर फुगवटा येतो, डुलणं थांबतं, आणि पाट खाचेत सरळ चालतो. हे समायोजन थंडीत केलं असेल, तर त्या स्क्रूवर पेन्सिलीने खूण करून ठेवावी. सागवान आषाढात फुगतं, हे प्लास्टिक वैशाखात. तेव्हा तोच पाव वळसा उलटा फिरवावा लागतो.