मातीचे मैदान आणि धाराशिवच्या मुली

१/ खो-खोचा इतिहास म्हणजे बहुधा नियमांचा इतिहास. १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने या खेळाला नियमबद्ध करण्यास प्रारंभ केला. १९२४ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियम प्रसिद्ध केले. या कथेत धाराशिव कोठेच नाही.

२/ त्या काळी हा जिल्हा ‘उस्मानाबाद’ या नावाने निजामाच्या संस्थानात होता. १९४८ मध्ये तो मुक्त झाला, १९५६ मध्ये मराठवाड्यासह मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला.

३/ तरीही आज मुलींच्या खो-खोत धाराशिवचे नाव आदराने घेतले जाते. याचे एक कारण खेळाच्या रचनेतच आहे : दोन खांब, फक्कीने आखलेल्या रेषा आणि सपाट माती. दुष्काळी जिल्ह्यातील शाळेलाही हा खेळ परवडतो.

४/ परंतु ‘स्वस्त खेळ’ हे वर्णन अपुरे आहे. आक्रमणात आठ जणी आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, नववी पाठलाग करते. नऊ मिनिटांच्या डावात सतत उठायचे, धावायचे, सूर मारायचा. मैदानाला खर्च नसला, तरी शरीराला खुराक लागतो. आणि तो घरातून यावा लागतो.

५/ सारिका काळे यांच्या घरी तो नव्हता. वडिलांना शारीरिक अडचणीमुळे कमावता येत नसे, आई शिवणकाम करी, आधार आजी-आजोबांचा. सुमारे दशकभर दिवसातून एकदाच जेवण मिळे आणि चांगले अन्न शिबिरात वा स्पर्धेतच मिळे, असे त्यांनीच पुढे सांगितले.

६/ २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत खो-खोचा प्रथमच समावेश झाला. सारिका यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी सुवर्णपदक जिंकले. त्याच वर्षी आर्थिक विवंचनेमुळे त्यांनी खेळ सोडण्याचे ठरवले होते. आजीने प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांना हे कळवले. समजूत घातल्यावर त्या मैदानावर परतल्या.

७/ २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला हा मान बावीस वर्षांनी लाभला होता. त्याच सुमारास त्या तुळजापूर येथे तालुका क्रीडा अधिकारी झाल्या. राष्ट्रीय स्पर्धेत कुमार गटासाठी ‘वीर अभिमन्यू’ आणि मुलींसाठी ‘जानकी’ असे पुरस्कार आहेत. तेथे खेळाडूची नोंद होते. तिला टिकवून धरणाऱ्या आजीची नोंद मात्र कोठेही होत नाही.

८/ जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारतीय महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे नमवले. त्या संघात धाराशिवच्या अश्विनी शिंदे होत्या. ही स्पर्धा मातीवर नव्हे, मॅटवर झाली.

९/ हा बदल लहान नाही. धाराशिवला या खेळात स्थान मिळाले, कारण मैदान फक्कीने आखता येत होते. मॅट विकतच घ्यावी लागते. पुढील पिढीतील मुलींचा इतिहास लिहिताना पदकांआधी दोन गोष्टी विचाराव्या लागतील : मॅट कोणी आणून दिली, आणि दुसऱ्या वेळचे जेवण कोणी दिले?