औषध आत गेल्यावर

1980 साली जपानमधल्या अकिता इथल्या तेत्सुरो फुजिवारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये दहा बाळांची हकीकत छापली. दिवस भरण्याआधी जन्मलेली ही बाळं व्हेंटिलेटरवर असूनही सुधारत नव्हती. गाईच्या फुफ्फुसापासून बनवलेलं सर्फॅक्टंट, म्हणजे हवेच्या पिशव्या उघडणारं द्रव्य, श्वासनळीत सोडलं आणि त्यांची ऑक्सिजनची गरज उतरली, एक्स-रे निवळले. हा लेख फुफ्फुसांचा विजय म्हणून सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. पण त्यात रक्ताभिसरणाच्याही दोन नोंदी आहेत. पडलेला रक्तदाब सावरला. आणि नऊ बाळांमध्ये डक्टस उघडी असल्याची लक्षणं दिसू लागली. नवजात-शिशुतज्ज्ञाचं खरं कसब या दोन नोंदींच्या मधे लागतं.

डक्टस ही फुफ्फुसाची धमनी आणि महाधमनी यांना जोडणारी नळी. पोटातलं बाळ फुफ्फुसांनी श्वास घेत नाही, म्हणून रक्त या वाटेनं परस्पर शरीराकडे जातं. जन्मानंतर ही वाट मिटायला हवी; सातव्या महिन्यात आलेल्या बाळात ती बरेचदा उघडीच राहते. फुफ्फुसं आकसलेली असतात तोवर तिथल्या रक्तवाहिन्यांचा विरोध जास्त असतो, त्यामुळे उघडी नळी फारसा त्रास देत नाही. सर्फॅक्टंटनं हवेच्या पिशव्या उघडल्या की हा विरोध उतरतो आणि महाधमनीतलं रक्त फुफ्फुसांकडे वळू लागतं. मेंदू, आतडी, मूत्रपिंडं यांच्या वाट्याचं तेवढं कमी होतं. 900 ग्रॅमच्या बाळात एकूण रक्तच जेमतेम 80 मिलिलिटर, चहाच्या अर्ध्या कपाएवढं.

वॉर्मरपाशी सगळं झरझर घडतं. फ्रिजमधून काढलेली कुपी तळहातात धरून कोमट करायची. हलवायची नाही, अलगद उलटीसुलटी करायची. पोरॅक्टंट या प्रकारचं सर्फॅक्टंट असेल तर किलोला 200 मिलिग्रॅम, म्हणजे या बाळाला सव्वादोन मिलिलिटर दुधट द्रव. तो जाताना सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, घसरतं, ठोके मंदावतात. मग आकडे चढू लागतात: 78, 85, 93. सगळ्यांचे डोळे तिथेच खिळतात.

जाणता हात मात्र त्याच वेळी व्हेंटिलेटरच्या बटणाकडे गेलेला असतो. मऊ झालेल्या फुफ्फुसाला मघाचाच दाब मिळत राहिला तर ते अति फुगतं, छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं आणि रक्तदाब कोसळतो. बोल औषधाला लागतो. दोष न फिरवलेल्या बटणाचा असतो. ऑक्सिजनही तसाच भराभर उतरवायचा.

पुढच्या तासांत पाहायचा तो रक्तदाबाचा खालचा आकडा. गर्भाचे जितके आठवडे तितका सरासरी दाब, या ढोबळ हिशेबावर अनेक जण निर्धास्त होतात. सरासरी ठीक दिसत असताना हा खालचा, डायस्टोलिक आकडा घसरत असेल, तर डक्टसमधून रक्त पळतंय अशी शंका घ्यायला हवी आणि हृदयाचा इको करायला हवा.

नळी औषधानं लगेच मिटवण्याची घाई आता कमी झाली आहे. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या ‘बेनेडक्टस’ चाचणीत, 28 आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळांमध्ये थांबून पाहणं हे लवकर आयबुप्रोफेन देण्यापेक्षा वाईट ठरलं नाही. पण थांबायचं तर उशाशी कोणीतरी हवं. फुफ्फुसात रक्त भरत गेलं तर तिथेच रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून रात्रीच्या रेसिडेंटला बजावून ठेवायचं: सॅच्युरेशन कितीही छान असो, ट्यूबमध्ये गुलाबी फेस दिसला की ताबडतोब बोलवायचं.