दिवाणाखालची दिवाळी

लक्ष्मीपूजन. उजेड असतानाच मोतीला फिरवून आणलं. खिडक्या लावल्या, पंखा पाचावर, टीव्हीवर कसलीशी मालिका. पहिला सुतळी बॉम्ब फुटला आणि तो दिवाणाखाली शिरला. कान मागे, शेपूट पोटाशी, लाळ गळतेय. ओढून काढलं नाही. गोधडी आत सरकवली, शेजारी फरशीवर बसले. "लाड केलेस तर आणखी भित्रा होईल," आई म्हणाली. काहीतरीच! जवळ घेतल्यानं भीती वाढत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली दिवाळीत फटाक्यांना रात्री आठ ते दहाची वेळ ठरवून दिली. आमच्या गल्लीत घड्याळच नसावं. घरात कुत्रा असेल तर दिवाळीआधीच पशुवैद्यांना भेटा, मनानं गोळ्या देऊ नका, आणि पट्ट्यावर फोन नंबर तेवढा लिहून ठेवा.