पितळखोऱ्याचा पाऊस

गेल्या महिन्यात अंकोरवाटला निघालेले एक कुटुंब माझ्या दवाखान्यात आले. तिकडे मे ते ऑक्टोबर पावसाळा असतो. कोणकोणती औषधे बरोबर घ्यावीत, असे त्यांनी विचारले. यादी दिलीच, पण आधी त्यांना पितळखोऱ्याची हकीकत सांगितली. ती आपणही ऐकावी.

धरणगावहून एरंडोल, भडगाव, चाळीसगाव असे गेल्यावर कन्नडचा घाट लागतो. तो चढून पठारावरून पुढे गेलात की पितळखोऱ्याच्या दरीत पायऱ्या उतरतात. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात कोरण्यास आरंभ झालेली ही बौद्ध लेणी. ठिसूळ खडकामुळे त्यांचे दर्शनी भाग बरेचसे कोसळले आहेत. तरीही पावसाच्या पडद्याआडून जोत्यावरील हत्तींची रांग दिसते, तेव्हा पाय आपोआप थांबतात. मला ओढ होती ती चौथ्या लेण्यातील ब्राह्मी लेखांची. मगिल नावाच्या राजवैद्याचे, त्याच्या मुलीचे आणि मुलाचे दान तेथे नोंदलेले आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा समव्यवसायी भेटल्याच्या आनंदात मी तेथे फार वेळ रमलो. हीच पहिली चूक.

बरोबर थोरले बंधू होते. वय अडुसष्ट, जुना मधुमेह. सकाळी इन्सुलिन मीच टोचले होते. जेवण एकच्या सुमारास चाळीसगावला घ्यायचे ठरले होते. पण परतताना घाटात दरडीचे दगड रस्त्यावर आलेले. हा घाट त्यासाठी प्रसिद्धच. २०२१ च्या ऑगस्टअखेरीस दरडी कोसळून तो बंदच पडला होता. आम्ही वाहनांच्या रांगेत दोन तास अडकलो. रांग हलली तेव्हा आमची भाड्याची जीप सुरूच होईना. सर्वांनी उतरून भर पावसात ती ढकलली, दादांनीसुद्धा! बिस्किटे मुलांनी केव्हाच संपवली होती.

थोड्या वेळाने दादा कुडकुडू लागले. विचारले तर चिडून म्हणाले, "माले काही व्हयेल नही, थंडी वाजी ऱ्हायनी." मीही शाल पांघरून मोकळा झालो. ओल्या अंगावर घाम ओळखू येत नाही, आणि साखर उतरल्याची थरथर थंडीच्या नावावर खपून जाते. एरवी शांत असलेला हा माणूस चालकावर उगाच ओरडला आणि मुलाला भलत्याच नावाने हाक मारली, तेव्हा मी भानावर आलो. साखर तपासण्याचे यंत्र घरी, टेबलाच्या खणात!

मागच्या ट्रकचा चालक स्टोव्हवर चहा करीत होता. त्याच्याकडून तीन चमचे साखर घेतली, पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तेवढीच. दादा शुद्धीवर होते म्हणून हे करता आले. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतू नये, श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर वळवून तातडीने रुग्णालय गाठावे. अर्ध्या तासाने दादांनी मुलाला बरोबर नावाने हाक मारली. मग त्या सज्जनाने भाकरीही दिली.

अंकोरच्या मंडळींना मी सांगितले, की औषधे, तपासणीचे यंत्र आणि ग्लुकोज सामानाच्या पेटीत नव्हे, खांद्यावरच्या पिशवीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. इन्सुलिन घेणाऱ्याजवळ खाणेही हवेच. पावसात कोणी थरथरले तर शालीबरोबर साखरही तपासा. यंत्र नसेल तर आधी गोड द्या. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून चालला असाल, तर परतल्यावर ताप येण्याची वाट न पाहता डॉक्टरांना भेटा. लेप्टोस्पायरोसिसची प्रतिबंधक गोळी लवकर घ्यावी लागते.

चाळीसगावला पोचेपर्यंत अंधारले होते. वरणभात जेवून दादा तरतरीत झाले आणि मिश्कीलपणे म्हणाले, "तुझा तो राजवैद्य प्रवासाला निघताना साखर विसरत होता का रे?"