परीस, पप्पा आणि जालना

‘जालना? तिथे बघायला काय आहे?’

लाँग वीकेंडचा प्लॅन विचारल्यावर मी ‘जालना’ म्हटलं की ऑफिसात हा प्रश्न हमखास येतो. महाबळेश्वर, अलिबाग, गोवा... या लिस्टमध्ये जालना बसत नाही, मान्य! पण बॉस, आमच्या गावात परीस आहे. खोटं वाटतंय? मग वाचाच.

गोष्ट 2006ची. मी नऊ वर्षांची. मराठवाड्यात तेव्हा लोडशेडिंग म्हणजे घरातला आणखी एक मेंबरच. एका मैत्रिणीकडून मी ‘हॅरी पॉटर’च्या पहिल्या सिनेमाची व्हीसीडी आणली होती. हिंदीत डब केलेली, ‘पारस पत्थर’वाली. सिनेमा बघायच्या आधीच खराट्याची काडी हातात घेऊन मी सगळ्या घराला मंत्र मारत सुटले होते. आई हसत होती. पप्पा मात्र खवळले.

‘मंत्र म्हणायलीस? माझ्या घरात?’

पप्पा हायस्कूलला विज्ञान शिकवायचे. बुवाच्या हातातला नारळ मंत्राने पेटत नाही, शेंडीत लपवलेल्या सोडियमवर पाणी पडलं की पेटतो, हे ते दरवर्षी वर्गात करून दाखवायचे. अशा माणसाची मुलगी खराट्याची काडी घेऊन छू करत फिरतेय म्हटल्यावर...

व्हीसीडी जप्त होणार, असं मला वाटलं. पण पप्पा चष्मा पुसून सतरंजीवर बसले. ‘लाव. मी पण बघतो. सगळा बघतो.’

मंडळी, अशा माणसाबरोबर सिनेमा बघणं ही शिक्षा असते! झाडू उडाला की ‘गुरुत्वाकर्षण कुठं गेलं?’ पिसं तरंगायला लागलं की ‘वर दोरा असंल.’ निकोलस फ्लॅमेलचं नाव आलं, तेव्हा मात्र ते गप्प झाले. दुसऱ्या दिवशी शाळेच्या लायब्ररीतून शोधूनही आले. फ्लॅमेल हा खराच माणूस होता. पॅरिसमध्ये हस्तलिखितांच्या नकला करायचा, 1418मध्ये वारला. परीस त्याला सापडल्याच्या कथा लोकांनी नंतर रचल्या. (1407मध्ये त्याने बांधलेलं घर पॅरिसमध्ये अजून उभं आहे!)

आणि मग आरशाचा सीन आला. अनाथ हॅरी आरशासमोर उभा राहतो आणि त्याला मागे उभे असलेले आई-बाबा दिसतात. मनात सगळ्यात खोल जे हवं असतं, ते दाखवणारा आरसा. मी पप्पांच्या कॉमेंटची वाट बघत होते. ती आलीच नाही.

आणि लाइट गेली.

अंधारात आई कंदील शोधत होती. पप्पा हळूच म्हणाले, ‘तुला एक आत्या होती.’

मला हे माहीतच नव्हतं. पप्पांची धाकटी बहीण. अंबडकडच्या खेड्यात, शेतात तिला साप चावला. दवाखाना दोन कोसांवर होता. पण घरच्यांनी तिला मांत्रिकाकडे नेलं. रात्रभर मंत्र चालले. पप्पा तेव्हा तेरा वर्षांचे होते. सकाळी सगळं संपलं होतं. ‘तुझ्या हातात ती काडी बघितली ना, की मला तोच माणूस दिसतो,’ ते म्हणाले.

मी काडी खाली ठेवली. पण लाइट आल्यावर त्यांनीच डिस्क पुन्हा लावायला सांगितली. शेवटी परीस नष्ट करून टाकतात, हे ऐकून ते खूश झाले. ‘हे बरं केलं. फुकटचं सोनं माणसाला नासवतं.’

पुढच्या रविवारी स्कूटरवर बसवून त्यांनी मला एमआयडीसीत नेलं. त्यांचा जुना विद्यार्थी एका सळईच्या कारखान्यात सुपरवायझर होता. जालना म्हणजे स्टील सिटी. देशभरातून भंगार येतं आणि भट्टीत वितळून सळई होऊन बाहेर पडतं. मी लांबून बघितलं. गंजके पत्रे, मोडकी चाकं, सायकलचे सांगाडे आत गेले आणि नारिंगी, डोळे दिपवणारा रस ओतला गेला. लोखंड वितळायला दीड हजार अंशांच्या वर तापमान लागतं, हे पप्पांनी तिथेच सांगितलं. मग म्हणाले, ‘हा घे तुझा परीस. मंत्र नाही, वीज लागते. आणि घाम.’

‘जालना सोन्याचा पाळणा’ म्हणतात, ते मला त्या दिवशी कळलं. इथलं सोनं कधी लोखंडातून निघतं, कधी मोसंबीच्या बागेतून, तर कधी बियाण्यातून. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964मध्ये इथेच महिको सुरू केली आणि 1998मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं!

2013च्या 20 ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्या दिवशी पप्पा घरात कुणाशीच बोलले नाहीत. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. साप चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणं आता त्या कायद्याने गुन्हा आहे. पप्पांनी ती ओळ पेपरातून कापून पाकिटात ठेवली. अजूनही आहे.

परवा गेले, तेव्हा दादाचा सात वर्षांचा मुलगा लॅपटॉपवर तोच सिनेमा बघत होता. शेजारी रिटायर झालेले पप्पा. आरशाच्या सीनला त्यांनी पॉज केलं.

‘सांग, यात खोटं काय?’

‘आरसा.’

‘आणि खरं काय?’

त्याने बराच विचार केला. ‘त्याला आई-बाबा पाहिजे होते, ते.’

पप्पा काही बोलले नाहीत. त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि सिनेमा पुढे चालू केला. कोपऱ्यात एक खराट्याची काडी पडली होती. ती कुणी उचलली नाही.

कसं जाल? मुंबईहून वंदे भारत आहे. डिसेंबर 2023मध्ये ती जालन्यापर्यंत सुरू झाली आणि 2025मध्ये पुढे नांदेडपर्यंत गेली. गाडीने जायचं तर समृद्धी महामार्ग.

काय बघाल? संध्याकाळी मोती तलाव. अंबडला माशाच्या आकाराच्या टेकडीवरचं मत्स्योदरी देवीचं मंदिर. घनसावंगी तालुक्यातलं जांब, म्हणजे समर्थ रामदासांचं जन्मगाव. आणि 1803च्या लढाईचं असई.

काय आणाल? मोसंबी! पिशवी मोठी न्या.