दुभंगलेली कवळी

कवळी हा विषय विनोदी लेखकांनीं आजवर इतका राबविला आहे, कीं तिच्याविषयीं गंभीरपणें चार शब्द लिहूं लागल्यास वाचक प्रथम हंसण्याच्याच तयारीनें बसतील. त्यांचा कांहीं दोष नाहीं. आम्हीही हंसतच होतों. २०१४ सालीं आमच्या मातोश्रींची वरची कवळी जेवतां जेवतां मधोमध दुभंगली तोंवर.

‘तूं ती मोरींत पाडली असशील,’ आम्ही म्हणालों.

‘नाहीं रे, घास घेतांना कट्‌कन वाजलें.’

ज्वारीच्या मऊ भाकरीनें कवळी मोडते हें आम्हांस खरें वाटेना. कबुली द्यावयास आईला संकोच वाटत असावा, असा तर्क करून आम्ही बाजारांतून क्षणांत चिकटणारा डिंक आणला आणि तुकडे जोडून दिले. जोड आमच्या मतें मोठा सुबक झाला होता. पुढें महिनाभरानें लक्षांत आलें, कीं आई पंगतीला बसत नाहीं. ‘तुमचें होऊं द्या, मी मागाहून बसतें,’ असें म्हणून ती सर्वांमागें एकटीच दूधभात कालवून खात असे, आणि कवळी खिडकींतल्या पाण्याच्या वाटींत पडलेली असे. आमच्या जोडानें दोन्ही तुकडे केसभर वांकडे बसले होते. तेवढ्यानें तिच्या हिरडीला जखम झाली होती. ती एका शब्दानें बोलली नव्हती.

दंतवैद्यांनीं ती कवळी उजेडांत धरली. ‘ही पडून फुटलेली दिसत नाहीं,’ ते म्हणाले, ‘थकून मोडली आहे.’

दांत गेल्यावर त्यांच्या जागचें हाड वर्षानुवर्षें झिजत जातें. टाळूच्या मधला कठीण कंगोरा मात्र जवळजवळ तसाच राहतो. मग कवळी त्या कंगोऱ्यावर तराजूच्या दांडीसारखी टेकते आणि दर घासाला दोन्ही अंगांनीं किंचित् वांकते. तार पुनःपुन्हां वांकविली असतां जशी तुटते, तसेंच हें. वरच्या ओठाच्या आंतल्या पडदीसाठीं पुढल्या कांठाला एक खांच ठेवावी लागते. चीर बहुधा तेथूनच निघते. आईची कवळी सोळा वर्षांची होती. शेवटचा घास भाकरीचा होता, इतकेंच. आम्ही खालीं मान घालून ऐकत होतों.

ही गुलाबी ॲक्रिलिक राळ दंतवैद्यकांत आली ती १९३७ च्या सुमारास. त्यापूर्वीं ऐंशीएक वर्षें गंधकानें कठीण केलेल्या रबराच्या, म्हणजे व्हल्कनाइटच्या, कवळ्या असत. (त्या रबराच्या पेटंटावरून १८७९ सालीं सॅन फ्रान्सिस्कोंत एका दंतवैद्यानें पेटंटवाल्या कंपनीच्या खजिनदाराचा खून केला, तेव्हां कवळी हा सर्वस्वीं विनोदाचा विषय नव्हे, हें आमच्या बाजूनें नमूद करतों.) ॲक्रिलिकनें हिरडीचा रंग आणला, परंतु ठिसूळपणाही आणला.

‘आंत पोलादी तार घाला ना,’ आम्ही सुचविलें. दंतवैद्य हंसले. गुळगुळीत तार आणि राळ एकमेकांस धरीत नाहींत. तार आंत नुसती निजून राहते आणि तिच्याच कडेला ताण सांचतो. त्यापेक्षां कांचतंतूंची विणलेली जाळी बरी; मात्र तंतूंवर सिलेनचा लेप हवा, ते द्रवांत पुरते भिजले पाहिजेत, आणि चिरेच्या वाटेंत आडवे पडले पाहिजेत. कोरडा राहिलेला तंतु बळ देण्याऐवजीं उणीवच वाढवितो. दुसरा मार्ग राळेंतच रबराचे सूक्ष्म कण मिसळण्याचा. सरकणारी चीर त्या मऊ कणांशीं अडखळते. हद्दपार झालेलें रबर असें मागल्या दारानें परत आलें, याची आम्हांस गंमत वाटली. धातूची टाळू सर्वांत बळकट, पण ती आईला नको होती.

हें सारें मात्र नंतरचें. प्रथम जखम भरूं दिली, मग झिजलेल्या हिरडीचें नवें माप घेतलें; कारण कवळी डुलत राहिली तर कोणतेंही बळ अपुरेंच पडतें. त्या मापावर कांचतंतूंची जाळी घातलेली कवळी तयार झाली.

ती आली त्या दिवशीं आई पंगतीला बसली. पाहत नाहीं असें दाखवीत आम्ही तिच्याकडेच पाहत होतों. तिनें भाकरीचा तुकडा मोडला, सावकाश चावला आणि म्हणाली, ‘आतां मोडली, तर पाडली म्हणूं नकोस हो.’

आम्ही मुकाट्यानें तिच्या पानांत आणखी अर्धी भाकरी वाढली.